चोर तो चोर, वर यमकखोर!

अहो, ऐकलंत का? नव्वदीच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एका बाळाच्या फोटोवरून भांडण पेटलं होतं. बाळाचा बाप कोण यावरून नव्हे हो, तसलं काही असतं तर समजण्यासारखं होतं. भांडण होतं फोटो छापण्याच्या कल्पनेवरून!

झालं असं. १९ एप्रिल १९९४ ला क्वीन्सब्रिज वसाहतीतल्या नास नावाच्या विशीतल्या पोराचा 'इलमॅटिक' हा पहिला अल्बम बाजारात आला. मुखपृष्ठावर नासचाच सातेक वर्षांचा असतानाचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यातून आरपार दिसणाऱ्या वसाहतीच्या इमारती. समीक्षक माना डोलावून थकले. पाच महिने होतात न होतात तोच, १३ सप्टेंबरला ब्रुकलिनच्या नोटोरियस बी.आय.जी.चा, म्हणजे लाडक्या बिगीचा, 'रेडी टू डाय' आला. मुखपृष्ठावर काय असावं? कोऱ्या पांढऱ्या जागेत बसलेलं, डोक्यावर भरघोस कुरळे केस असलेलं बाळ! शांतं पापं! नासने निदान स्वतःचा फोटो लावला होता. बिगीच्या मुखपृष्ठावरचं बाळ बिगी नव्हतंच, फोटोपुरतं आणलेलं दुसऱ्याचं पोर होतं.

वू-टँग क्लॅनच्या रेक्वॉन आणि घोस्टफेस या दोघांना हे सहन होईना. ऑगस्ट १९९५ मध्ये रेक्वॉनची ती प्रसिद्ध जांभळी कॅसेट आली, 'ओन्ली बिल्ट फॉर क्यूबन लिंक्स'. तिच्यात या दोघांनी दोन गाण्यांच्या मधे चक्क गप्पांचा एक तुकडा घातला आणि नासचं मुखपृष्ठ चोरणाऱ्याचा उद्धार केला. नाव घेतलं नाही, पण न घेतलेलं नाव कुणाचं हे अख्ख्या शहराला कळलं. आता ज्याच्या बाजूने ही बोंब, तो नास त्याच कॅसेटवर पाहुणा म्हणून एक कडवं गाऊन गेलेला. म्हणजे पंच किती तटस्थ, ते तुम्हीच ठरवा.

आणि खरी खमंग गोष्ट पुढेच आहे. हॉवर्ड हँगर ट्रायो नावाच्या जाझ मंडळींची १९७४ सालची 'अ चाइल्ड इज बॉर्न' ही तबकडी कधी मिळाली तर तिचं मुखपृष्ठ बघा. एका लहान मुलाचा चेहरा आणि त्यात मिसळलेली शहरातली घरं. तेव्हा नास स्वतःच पाळण्यात होता!

तर या दशकात अमेरिकेतल्या रॅपवाल्यांना दोन वेडं लागली होती. एक, दुसऱ्याचं उचलण्याचं. दुसरं, त्याहून तारस्वरात, आपलं उचललं गेल्याची बोंब ठोकण्याचं. दुसऱ्याचं यमक, लय, ढंग, कल्पना ढापणाऱ्याला ही मंडळी 'बायटर' म्हणतात. ही शिवी त्यांना इतकी झोंबते, की आयमायवरून दिलेली एक वेळ चालेल.

यात विनोद असा, की या कलेचा पायाच मुळी दुसऱ्याच्या तबकड्यांवर घातलेला. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉन्क्समध्ये १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत कूल हर्क नावाच्या जमैकन मुलाने पार्टीत तबकड्या वाजवल्या, आणि तिथून हिप-हॉपचा जन्म मोजतात. गाण्यातला फक्त तालाचा तुकडा उचलायचा आणि दोन टर्नटेबलांवर आलटून पालटून वाजवत लांबवायचा, ही त्याची करामत. तबकड्या जेम्स ब्राउनसारख्या इतरांच्या. आपण काय वाजवतो ते शेजारच्या डीजेला कळू नये, म्हणून हा पठ्ठ्या तबकड्यांची लेबलं पाण्यात भिजवून सोलून काढायचा! माल दुसऱ्याचा, गुपित मात्र स्वतःचं.

तेव्हापासून या गल्लीचा अलिखित कायदा ठरला. वाजवायला कुणाचंही घ्या, बोलायचं मात्र स्वतःचं. सूर उसना चालेल, शब्द उसना आणलात तर तोंड दाखवायला जागा नाही.

मग या कायद्याच्या राज्यात गाजलेलं पहिलं रॅप गाणं कोणतं? १९७९ चं 'रॅपर्स डिलाइट'. आणि ते कसं झालं म्हणता? न्यू जर्सीतल्या एंगलवुड गावात बिग बँक हँक नावाचे गृहस्थ पिझ्झाच्या दुकानात कामाला होते. रेकॉर्ड कंपनीच्या सिल्व्हिया रॉबिन्सन बाईंना रॅप करणारी पोरं हवी होती, त्यांनी हँकला हेरलं. हँककडे आवाज होता, यमकं नव्हती. मग तो गेला ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर कॅझकडे. कॅझने भोळेपणाने आपली वही पुढे केली. हँकने त्यातलं उचललं, आणि इतकं इमानेइतबारे उचललं, की कॅझने एके ठिकाणी स्वतःच्या टोपणनावाची अक्षरं एकेक करून घातली होती, तीही रेकॉर्डवर तशीच म्हटली! प्रभातच्या 'संत तुकाराम' चित्रपटातल्या सालोमालोला निदान एवढी अक्कल होती. तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवताना तो नाममुद्रा बदलायला विसरत नाही. हँक म्हणजे 'तुका म्हणे' जागच्या जागी ठेवून 'रचना आमचीच हो' म्हणणारा सालोमालो.

त्या गाण्याचं संगीत 'शीक' या बँडच्या 'गुड टाइम्स'वरून घेतलेलं. नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी डोळे वटारले, वकिलाची भाषा केली, आणि गाण्याचे कर्ते म्हणून दोघांची नावं लागली. ज्याची वही गेली त्या कॅझचं नाव लागलं नाही. ज्या गोष्टीची चोरी गल्लीत माफ होती तिची भरपाई झाली, आणि जी चोरी गल्लीत महापाप होती तिची दखलही कुणी घेतली नाही. या वेडाची सगळी गंमत आणि सगळा अन्याय या एका गाण्यात आहे. नव्वदीचं दशकभर मंडळी नुसती तेच भांडण नव्या कपड्यांत भांडत राहिली.

कपड्यांवरून आठवलं, १९९२ ची ती 'इग्गिटी'ची साथ! व्हर्जिनिया स्टेट विद्यापीठात शिकणारी दोन पोरं, दास ईएफएक्स या नावाची जोडी. त्यांनी एक खोड काढली. शब्दाच्या मधेच 'इग्गिटी' घुसवायचं, जीभ अडखळल्यासारखी करायची आणि तालात पुन्हा जमिनीवर यायचं. 'डेड सीरियस' अल्बम गाजला, आणि मग काय विचारता! जो तो इग्गिटी करू लागला. अगदी पँटी उलट्या घालणाऱ्या क्रिस क्रॉसच्या चिमुरड्यांपर्यंत ही लागण पोचली. शेवटी १९९३ च्या दुसऱ्या अल्बमात दास ईएफएक्सने आपलीच खोड बरीचशी टाकून दिली, कारण ती जगभर वापरून गुळगुळीत झाली होती. नक्कल करणारे इतके झाले, की मूळ माणसाने स्वतःचं म्हटलं तरी ती नक्कलच वाटावी! याहून मोठी चोरी कोणती? घरातलं सामान नेलं तर परत घेता येतं. इथे घरमालकालाच घर सोडावं लागलं.

तिकडे मेम्फिसच्या थ्री सिक्स माफियाने क्लीव्हलंडच्या बोन थग्ज-एन-हार्मनीवर बोट ठेवलं. सुरात, भरभर, तोंडातल्या तोंडात अंधारं काहीतरी पुटपुटण्याची तऱ्हा आमची, ती यांनी नेली, अशी तक्रार. १९९५ मध्ये त्यावर अख्खं गाणंच काढलं. क्लीव्हलंडवाल्यांचं म्हणणं अर्थातच वेगळं. अशा वेळी न्यायनिवाडा करायचा कुणी? लयीवर कुणाचा सातबारा नसतो. अमेरिकेचा कॉपीराइट कायदा शब्दरचनेला आणि ध्वनिमुद्रणाला संरक्षण देतो, कल्पनेला किंवा शैलीला देत नाही. म्हणून अशा खटल्याचं कोर्ट एकच, पुढचं गाणं.

या प्रकरणातला सर्वात ऐटदार गुन्हेगार पुन्हा आपला बिगीच. १९९७ च्या 'लाइफ आफ्टर डेथ'मध्ये त्याने बोन मंडळींना घरी बोलावलं आणि त्यांच्यासोबत, त्यांच्याच भरधाव चालीत, 'नोटोरियस थग्ज' हे गाणं असं काही म्हटलं, की यजमान कोण आणि पाहुणा कोण हेच कळेना. तक्रार करणार कोण? चोरी मालकाच्या साक्षीने, दिवसाढवळ्या, आणि मालकालाही सोबत घेऊन झालेली!

आता जरा जवळ या, दशकातलं सर्वात मोठं वेड सांगते. डॉन होण्याचं. सुरुवात म्हणाल तर कूल जी रॅपने १९८९ मध्येच 'रोड टू द रिचेस'मधून केली होती. पण १९९५ च्या जांभळ्या कॅसेटनंतर गल्लीतल्या एकाही पोराला साधं नाव पुरेना. रेक्वॉन झाला लेक्स डायमंड्स. घोस्टफेस झाला टोनी स्टार्क्स, म्हणजे कॉमिकमधल्या आयर्न मॅनचं नाव थोडं फिरवून. नासने थेट कोलंबियाच्या पाब्लोचं आडनाव लावलं, एस्कोबार. बिगी स्वतःला फ्रँक व्हाइट म्हणवू लागला, हे १९९० च्या 'किंग ऑफ न्यूयॉर्क' चित्रपटात क्रिस्टोफर वॉकनने केलेल्या गुंडाचं नाव. बिगीच्या चेल्यांचं टोळकं ज्युनियर माफिया. जे-झीने १९९६ च्या 'रीझनेबल डाउट'च्या मुखपृष्ठावर हॅट आणि सिगार असा जामानिमा केला. ह्यूस्टनच्या एका रॅपरने तर आधीच सिनेमाचं नावच घेऊन टाकलं होतं, स्कारफेस. सिसिलीत जितके डॉन नसतील तितके एका न्यूयॉर्कमध्ये! आणि प्रत्येकाचं म्हणणं हेच, की बाकीचे डॉन नकली.

त्यांच्या या डॉनगिरीची वंशावळ काढली तर मजाच मजा. नासच्या 'इलमॅटिक'वर 'द वर्ल्ड इज युअर्स' नावाचं गाणं आहे. हे शब्द कुठले? १९८३ च्या 'स्कारफेस'मध्ये अल पचीनोला आकाशातल्या जाहिरातीच्या फुग्यावर दिसतात, तिथले. पण तो चित्रपट स्वतःच रिमेक. मूळ १९३२ चा, हॉवर्ड हॉक्सचा. त्यातही हीच पाटी झळकते, आणि ती पाटी आहे कुणाची? कुक्स टूर्सची, सहली काढणाऱ्या कंपनीची! म्हणजे गुंडांनी छातीवर गोंदवून घेतलेलं हे ब्रीदवाक्य मुळात पर्यटनाची जाहिरात.

आणि साखळी इथे थांबत नाही. १९९६ मध्ये जे-झीने 'डेड प्रेसिडेंट्स' काढलं, त्यात नासच्या याच गाण्यातला नासचाच आवाज कापून ध्रुवपद म्हणून लावला. हे प्रकरण पाच वर्षं आतल्या आत धुमसत राहिलं. २००१ मध्ये जे-झीने 'टेकओव्हर'मध्ये नासला सुनावलं, की ओळ तुझी असेल, तिचं खणखणीत गाणं मी केलं. नास गप्प बसतो थोडाच! त्याने 'ईथर'मध्ये विचारलं, की तुझ्या जाड ओठांतून येणारं बिगीचं किती, तेही सांग ना! जे-झीचा बचाव असा, की गेलेल्या मित्राच्या ओळी गाण्यात आणणं ही त्याची आठवण जागी ठेवणं आहे. दोघांचीही बाजू बिनतोड, दोघांच्याही हातात दुसऱ्याचा माल. शेवटी ऑक्टोबर २००५ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कार्यक्रमात दोघांनी हात मिळवले. कोणतं गाणं म्हणून, सांगा बरं? ज्या ओळीवरून महाभारत झालं तेच, 'डेड प्रेसिडेंट्स', दोघांनी मिळून!

एक गोष्ट मात्र चेष्टेत उडवून लावता येत नाही. बिगीने माझीच तऱ्हा उचलली, असं रॅपर टुपॅकचंही म्हणणं होतं, आणि त्यांच्या वैरात ते एक कलम होतं. त्या वैरात बाकी बरंच काही होतं, यमकांशी संबंध नसलेलं. १३ सप्टेंबर १९९६ ला टुपॅक गेला, ९ मार्च १९९७ ला बिगी. एक पंचविशीतला, एक चोविशीतला, दोघेही गोळ्या लागून. म्हणून या लोकांनी भांडण गाण्यात भांडलं तर मला आनंदच होतो.

ओळी उचलणं एक, कल्पना उचलणं आणखी वेगळं. १९९४ मध्ये ऑर्गनाइज्ड कन्फ्यूजन या जोडीने 'स्ट्रे बुलेट' केलं. त्यात बोलते कोण, तर गोळी! चुकून भलत्यालाच लागणारी गोळी स्वतःची हकीगत सांगते. १९९६ मध्ये नासने 'आय गेव्ह यू पॉवर' लिहिलं, त्यात बंदूक बोलते. त्याच वर्षी टुपॅकच्या 'मी अँड माय गर्लफ्रेंड'मध्ये बंदूक ही प्रेयसी झाली. २००२ मध्ये जे-झी आणि बियॉन्से यांनी टुपॅकचं ते गाणं घेतलं, तर टोनी ब्रॅक्स्टन बाई रेडिओवर फणफणल्या, की हे गाणं घ्यायची कल्पना माझी होती! उसन्या वस्तूवर मालकी सांगायची नव्हे, ती उसनी आणायचं आधी मला सुचलं, यावर मालकी सांगायची! आता ही तक्रार कोणत्या कलमाखाली नोंदवायची?

तरी माझं विचाराल तर गोळीपासून बंदुकीपर्यंतचा प्रवास मला चोरी वाटत नाही. गोळी आंधळी असते, तिचं गाणं अपघाताचं. बंदूक हातोहात फिरते, वापरली जाते, थकते, नासच्या गाण्यात तर ती ऐन वेळी चालायला नकार देते. कल्पनेचं बी एकच असेल, उगवलं ते झाड वेगळं.

पण आईस क्यूबचा किस्सा निराळा. सायप्रेस हिल या रॅप चमूचं म्हणणं असं, की आम्ही मित्र म्हणून त्याला आमचं न निघालेलं गाणं ऐकवलं, त्याला ते आपल्या 'फ्रायडे' चित्रपटासाठी हवं होतं, आम्ही नाही म्हणालो, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या 'फ्रायडे' गाण्याच्या ध्रुवपदात आम्हाला आमचंच ध्रुवपद ऐकू आलं! १९९५ च्या अल्बमात त्यांनी त्याच्यावर गाणं केलं, त्याने वेस्टसाइड कनेक्शनच्या मंडळींसह उलट गाणं केलं. बघितलंत? मित्राला कच्चं गाणं ऐकवू नये.

आणि ज्यात उसनवारीचा नुसता उच्चार झाला तरी रणकंदन झालं, ती १९९७ ची गोष्ट तर सोन्यात मढवावी अशी. एल.एल. कूल जे या ज्येष्ठांच्या दंडावर मायक्रोफोन गोंदलेला. कॅनिबस नावाचा नवखा पोरगा त्यांच्याच '४, ३, २, १' गाण्यात पाहुणा. त्याने आपल्या कडव्यात लाडाने विचारलं, की तो दंडावरचा माइक जरा उसना द्याल का? झालं! वडीलधाऱ्यांचा अपमान! कॅनिबसला ओळी बदलायला लावल्या, त्याने बदलल्या. एल.एल.नी स्वतःचं फटकारणारं उत्तर मात्र तसंच ठेवलं. प्रश्न गायब, उत्तर रेकॉर्डवर कायम. मग पुढच्या वर्षी कॅनिबसने माइक टायसनला सोबत घेऊन 'सेकंड राउंड के.ओ.' काढलं. गोंदणाच्या शाईइतकंही उसनं कुणी घेतलं नव्हतं, तरी दोन वर्षं मारामारी!

बरं, हे झालं गल्लीतलं. खऱ्या कोर्टात काय चाललं होतं? १७ डिसेंबर १९९१ ला न्यूयॉर्कच्या न्यायाधीश डफी यांनी रॅपर बिझ मार्कीच्या खटल्यात निकाल दिला. बिझने गिल्बर्ट ओ'सुलिव्हनच्या 'अलोन अगेन'चा तुकडा परवानगीशिवाय वापरला होता. न्यायमूर्तींनी निकालपत्र सुरू केलं ते बायबलातल्या चोरीविषयीच्या आज्ञेने, आणि फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरकारी वकिलाकडे धाडलं! बिझने १९९३ मध्ये पुढचा अल्बम काढला त्याचं नावच 'ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड', म्हणजे घ्या, सगळ्यांची सही घेतली.

या निकालाने रॅपचं रूपच पालटलं. त्याआधी पब्लिक एनिमीसारखे लोक एका गाण्यात ढीगभर तुकडे विणायचे, एकही धड ओळखू यायचा नाही. आता प्रत्येक तुकड्यासाठी दोन परवानग्या, एक गाण्याच्या मालकाची, एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. वीस तुकड्यांची बिलं भरण्यापेक्षा एकच मोठं, प्रसिद्ध गाणं घेणं परवडू लागलं. म्हणजे चोरी लपवून करणारा कलाकार उपाशी, आणि उघडपणे अख्खं गाणं उचलणारा पैसेवाला मालामाल. डी ला सोलसारख्यांचे जुने अल्बम या परवानग्यांच्या आणि करारांच्या जंजाळात अडकून ऑनलाइन यायला मार्च २०२३ उजाडला.

व्हॅनिला आइसचं तुम्हाला ठाऊकच असेल. १९९० च्या 'आइस आइस बेबी'चा ठेका क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या 'अंडर प्रेशर'मधला. पकडल्यावर याने कॅमेऱ्यासमोर समजावून सांगितलं, की नाही हो, आमच्यात मधे एक जास्तीचा ठोका आहे! शेवटी मूळ मंडळींची नावं द्यावी लागली. आणि या चोरीत आपलंही थोडं आहे बरं का. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, त्याचा पहिला बँडही तिथलाच. आणि १९९२ मध्ये बाबा सेहगलने 'ठंडा ठंडा पानी' काढलं, त्याचा नमुना कोणता हे सांगायला नकोच. पाचगणीच्या मुलाच्या बँडचा ठेका अमेरिकेत एकाने उचलला आणि त्याच्याकडून दुसऱ्याने उचलून भारतात परत आणला.

दशक संपल्यावर, २००२ मध्ये, ट्रूथ हर्ट्सच्या 'ॲडिक्टिव्ह' गाण्यात लतादीदींचं 'थोडा रेशम लगता है' ऐकू यायला लागलं, तेव्हा संगीतकार बप्पी लाहिरी लॉस एंजलिसच्या कोर्टात गेले, आणि त्यांच्या नावाशिवाय ती सीडी विकता येणार नाही असा आदेश मिळाला. न्याय झाला, छानच झालं. बप्पीदांचं 'हरि ओम हरि' ऐकून 'वन वे टिकट' आठवणाऱ्यांनी त्या दिवशी काय म्हटलं असेल, ते मी बोलत नाही. मी कशाला वाईट होऊ?

'बोलायचं ते स्वतःचं' या कायद्याचे रखवालदार तरी स्वतःचं बोलत होते का? ईझी-ईचं १९८७ चं गाजलेलं गाणं आईस क्यूबने लिहिलेलं. डॉ. ड्रेसाठी डी.ओ.सी. आणि स्नूप लिहायचे. १९९९ मध्ये ड्रेने 'स्टिल डी.आर.ई.' काढलं, मी अजून तोच आहे असं जगाला ठणकावणारं, आणि ते शब्द लिहिले होते जे-झीने! मी मीच आहे हे सांगायलाही माणूस ठेवलेला. पफ डॅडीने १९९७ मध्ये बिगीच्या शोकात 'आय विल बी मिसिंग यू' केलं. चाल पोलीस बँडच्या १९८३ च्या गाण्याची, तीही आधी न विचारता. शब्दांना हात सॉस मनीचा. शोक तेवढा स्वतःचा. पैसे मिळाले स्टिंगला, कारण गीतकार म्हणून नाव त्याचं. ज्या गिटारच्या तुकड्यावर हे गाणं उभं आहे तो वाजवणाऱ्या अँडी समर्सच्या हाती गीतकाराच्या मानधनातलं काही पडलं नाही.

कूलिओची तऱ्हा आणखी न्यारी. १९९५ चं 'गँगस्टाज पॅराडाइज' स्टीव्ही वंडरच्या गाण्यावर, त्याची अट मानून, एकही अर्वाच्य शब्द न घालता केलेलं. पुढच्या वर्षी 'विअर्ड अल'ने त्याचं विडंबन केलं, तर कूलिओ रुसला, मला न विचारता माझं गाणं घेतलं म्हणून! 'माझं' हा शब्द ऐकून स्टीव्ही वंडरला काय वाटलं असेल? कूलिओने पुढे आपलं चुकलं हे मान्य केलं, हे त्याच्या मोठेपणाचं. शिवाय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च १९९४ ला, टू लाइव्ह क्रूच्या खटल्यात, विडंबन पैशासाठी केलेलं असलं तरी तो रास्त वापर असू शकतो, असं म्हणून ठेवलंच होतं.

आणि जे-झी! १९९८ मध्ये त्याला 'ॲनी' या संगीतनाटकातलं गाणं हवं होतं. परवानगीच्या पत्रात त्याने लिहिलं, की शाळेत निबंधस्पर्धा जिंकलो म्हणून मला हे नाटक बघायला मिळालं होतं. परवानगी आली. ही निबंधस्पर्धा आपण रचली होती, हे त्याने २०१० च्या 'डिकोडेड' पुस्तकात सांगून टाकलं. गाणं रीतसर घेतलं, थाप तेवढी अस्सल स्वतःची.

या सगळ्यांवर कडी केली मॉस डेफने. १९९८ च्या ब्लॅक स्टार अल्बमात त्याने दुसऱ्यांच्या गाण्यांवर हात मारणाऱ्या निर्मात्याला धडा शिकवणारी गोष्ट गाऊन दाखवली. कशी? स्लिक रिकच्या 'चिल्ड्रन्स स्टोरी'चं नाव, चाल, गोष्ट सांगायची रीत, सगळं जसंच्या तसं घेऊन! चोरीविरुद्धचा कीर्तनकार उसन्या कीर्तनात उभा. आणि तरी त्याला कुणी बायटर म्हटलं नाही. का नाही? तर ऐकणाऱ्या प्रत्येकाला स्लिक रिक ठाऊक असावा, अशीच त्याची इच्छा होती. मूळ ओळखू आलं तरच त्याच्या गाण्यात मजा होती. हँकची मजा कुणाला ओळखू न येण्यात होती.

बस, एवढाच फरक. खटला उभाच केलात तर माझा निकाल घ्या. नास आणि बिगी, मुखपृष्ठाच्या आरोपातून निर्दोष. बाळाच्या फोटोवर कुणाचं पेटंट नाही, आणि आतली गाणी दोघांची स्वतःची. जे-झी निर्दोष, निबंधस्पर्धेबद्दल ताकीद. पफ डॅडीने दंड भरला, आणखी काही नको. व्हॅनिला आइसला शिक्षा चोरीची नाही, त्या जास्तीच्या ठोक्याची. मॉस डेफला शाबासकी. दोषी ठरतो एकच, बिग बँक हँक, कारण त्याने ज्याचं घेतलं त्याचं नाव गाण्यात असूनही सांगितलं नाही.

आणि तुम्हाला एक विनंती. 'सगळेच चोर' असं म्हणून कॅसेट बाजूला सारू नका. जोडीने ऐका, आधी मूळ आणि मग उसनं. 'स्ट्रे बुलेट' ऐकून मग 'आय गेव्ह यू पॉवर', स्लिक रिक ऐकून मग मॉस डेफ. ज्या उसन्यानंतर मूळ पुन्हा ऐकावंसं वाटतं ते उसनं माफ. ज्यानंतर मूळ कुणाचं हेच कळत नाही, त्याच्या नावाने खुशाल बोटं मोडा.